जादूने खून झाला तर पंचनामा कोण करणार?

एक बंद खोली. दाराला आतून कडी, खिडक्या शाबूत, आणि मधोमध एक माणूस मरून पडलाय, अंगावर ओरखडासुद्धा नाही. आपल्या जगात असं झालं तर आधी विषाचा संशय येईल. पण जिथं मंत्र खरंच चालतात, तिथं? तिथं दाराशी जो येतो तो मांत्रिकही असतो आणि फॉरेन्सिकवालाही, आणि आल्या आल्या तो सगळ्यांना एकच गोष्ट बजावतो, की इथं कुणी साधा उजेड पाडायचा मंत्रसुद्धा म्हणायचा नाही.

का, तर प्रत्येक मंत्र मागे काहीतरी सोडून जातो आणि नवा मंत्र म्हटला की जुन्याचा माग पुसला जातो. म्हणून हा कंदील घेऊन येतो, हातमोजे घालतो आणि नुसत्या डोळ्यांनी बघत बसतो. जादू येत असून हात आवरणं, हेच या कामातलं सगळ्यात अवघड ट्रेनिंग.

आणि ही कल्पना अगदीच हवेतली नाहीये. 1910 मध्ये फ्रान्समधल्या ल्योनला एडमंड लोकार्डने पोलिसांसाठी लॅब सुरू केली, त्याच्या नावाचं तत्त्व आजही शिकवतात: दोन गोष्टी एकमेकींना लागल्या की दोघींवरही काहीतरी राहतं. साधारण त्याच काळात जेम्स फ्रेझर हा मानववंशशास्त्रज्ञ जगभरातल्या जादूच्या समजुती गोळा करत होता, आणि त्यातून त्याने जे नियम काढले त्यातला एक असा, की एकदा संपर्कात आलेल्या वस्तू लांब गेल्या तरी एकमेकींवर परिणाम करत राहतात. म्हणून तर कापलेल्या केसांवर, नखांवर करणी करता येते असं लोक मानायचे. हे दोन्ही शेजारी ठेवून बघा. ज्या केसावर मंत्र घालून माणूस मारला, तोच केस उलट आपल्याला मंत्र घालणाऱ्यापर्यंत घेऊन जातो! मला तर या धंद्याचा पायाच इथं दिसतो.

मग मेलेल्याचा आत्मा बोलावून सरळ विचारत का नाहीत? विचारतात की. पण त्याला तरी काय माहीत असणार, त्याने जेवढं पाहिलं तेवढंच, आणि खुनी दुसऱ्याचं रूप घेऊन आला असेल तर तो बिचारा अगदी प्रामाणिकपणे निर्दोष माणसाचं नाव सांगणार. साक्षीदार जिवंत असो की मेलेला, चुकतो.

खरा कस लागतो तो कोर्टात. 1833 मध्ये इंग्लंडात जॉन बोडल नावाच्या तरुणावर आजोबांना कॉफीतून आर्सेनिक दिल्याचा खटला चालला. जेम्स मार्श या केमिस्टने आर्सेनिक शोधून काढलं होतं, पण ज्युरीसमोर नेईपर्यंत नमुना खराब झाला आणि आरोपी सुटला. मार्शने हे सोडून दिलं नाही, 1836 मध्ये त्याने नवीन टेस्ट मांडली जिच्यात आर्सेनिकचा चकचकीत काळसर थर काचेवर उमटतो, कुणालाही दिसेल असा.

जादूचा माग तर त्याहून लवकर विरणार, आणि मुळात दिसणार फक्त मांत्रिकालाच. म्हणजे न्यायाधीशाने काय करायचं, मांत्रिकाच्या शब्दावर माणसाला फासावर द्यायचं? मला हे अजिबात पटत नाही. म्हणून या लोकांची निम्मी मेहनत माग शोधण्यात जाते आणि निम्मी तो टिकवण्यात: मंत्र न लागलेल्या शेजारच्या खोलीतली धूळ तुलनेसाठी घ्यायची, मुद्देमाल सील करायचा, तो कुणाच्या हातून कुणाकडे गेला ते लिहायचं, आणि प्रकरणाची काहीही माहिती नसलेल्या दुसऱ्या मांत्रिकाकडून पुन्हा तपासून घ्यायचा. दोघांचं उत्तर जुळलं नाही तर रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहायचं, ‘ठरवता येत नाही’, मग बाहेर गर्दी कितीही ओरडू दे.