रिग परत आली का?

नव्या तेलक्षेत्रात कोण कुठे खोदतंय यावर लोक नजर कशी ठेवतात, हा आजचा विषय. उदाहरण घेतो अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या बाकनचं, कारण तिथे हा खेळ बराचसा उघड्यावर खेळला गेला.

तेल तिथे १९५१ सालीच सापडलं होतं, टायोगा गावाजवळ. पण बाकनचा खडक इतका घट्ट, की उभ्या विहिरीतून परवडेल एवढं तेल क्वचितच यायचं. २००० साली शेजारच्या मोंटानात, एल्म कूली इथे, आडव्या विहिरी, म्हणजे खाली जाऊन खडकाच्या थरात आडव्या वळणाऱ्या विहिरी, यशस्वी झाल्या. २००६ मध्ये ईओजी कंपनीला नॉर्थ डकोटात पार्शलजवळ मोठं यश मिळालं. २००८ मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ३ ते ४.३ अब्ज बॅरल तेल काढता येईल असा अंदाज दिला. १९९५ च्या अंदाजाच्या हा जवळजवळ पंचवीस पट. मग रिग्जची, म्हणजे विहीर खोदणाऱ्या उंच मनोऱ्याच्या यंत्रांची, रीघच लागली.

आता माहिती कुठून मिळते? नॉर्थ डकोटात कंपनीने मागितलं तर नव्या विहिरीचा तपशील सहा महिने गोपनीय राहतो. तेल किती आलं, खडक कसा लागला, काही कळत नाही. पण रिग कुठे लपवणार? तिचा मनोरा त्या सपाट माळावर मैलभरावरूनही दिसतो. शिवाय राज्य सरकार चालू रिग्जची यादी जाहीर करतं: रिगचं नाव, कंपनी, विहीर, जागा, काम कधी सुरू झालं, आणि शेवटच्या रकान्यात रिगचा पुढचा मुक्काम. माझ्या मते सगळ्या यादीत तोच रकाना सोन्याचा. विहिरीचं नावही बोलतं. ‘पार्शल १-३६एच’ म्हणजे छत्तीस नंबरच्या सेक्शनमधली पहिली विहीर, आणि ‘एच’ म्हणजे आडवी. सेक्शन म्हणजे एक चौरस मैल जमीन.

रिग आली म्हणजे तिथे तेल चांगलं, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरतो. आपल्याकडे जमिनीखालचं तेल सरकारचं. शेतकऱ्याचा त्यावर हक्क नाही. तिकडे खनिजहक्क बऱ्याचदा खासगी मालकाचे असतात, आणि कंपनी ते तीन किंवा पाच वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेते. मुदतीत उत्पादन सुरू झालं नाही तर पट्टा गेला. एकदा तेल सुरू झालं, की ते चालू असेपर्यंत पट्टा टिकतो. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत एकच रिग या सेक्शनमध्ये एक विहीर खोदायची, की लगेच सामान उचलून पुढे. मनोरा आडवा करायचा, सुटे भाग ट्रकवर चढवायचे, पुन्हा उभं करायचं. नकाशावरची ती धावपळ खडकाबद्दल फार थोडं सांगत होती. ती पट्ट्यांच्या तारखा सांगत होती.

खरी खूण वेगळी. पहिल्या विहिरीचं उत्पादन काही महिने पाहून झाल्यावर तीच कंपनी तिथे दुसरी, तिसरी विहीर खोदायला येते का? आता पट्टा तर सुरक्षित आहे. तरीही पैसे ओतते, म्हणजे आकडे तिला पटलेत. कंपनीच्या प्रसिद्धिपत्रकात पहिल्या चोवीस तासांचं उत्पादन ठळक अक्षरांत असतं. ते वाचावं आणि बाजूला ठेवावं. अशा विहिरीचं उत्पादन पहिल्याच वर्षात निम्म्याहून खाली येऊ शकतं.

उलटं उदाहरणही आहे. २०१० च्या सुमारास मोंटानाच्या वायव्य भागात, ब्लॅकफीट आदिवासींच्या राखीव प्रदेशात आणि आसपास, बाकनसारख्याच थरासाठी रिग्ज आल्या. पट्टे घेतले गेले, चर्चा खूप झाली. काही विहिरींत थोडंफार तेलही लागलं, पण खर्च निघेना. रिग्ज गेल्या, त्या तशा संख्येने परत आल्या नाहीत.

रिग्जची नुसती संख्या मोजणाऱ्यांची पुढे फजिती झाली ती बाकनमध्येच. बेकर ह्यूज कंपनी १९४४ पासून रिग्जची गणती करते आणि शुक्रवारी येणाऱ्या त्या आकड्यावर बाजाराचं लक्ष असतं. नॉर्थ डकोटात २०१२ च्या मे महिन्यात २१८ रिग्ज होत्या, उत्पादन दिवसाला साडेसहा लाख बॅरलच्या घरात. २०१९ च्या नोव्हेंबरात रिग्ज साठाच्या आसपास, आणि उत्पादन पंधरा लाखांवर! आधीच्या विहिरींचं तेल चालू होतंच, पण खोदण्याची रीतही बदलली होती. पट्ट्यांची घाई सरल्यावर कंपन्या एकाच आवारात ओळीने विहिरी खोदू लागल्या. मनोरा न उतरवता रिगच पायांवर सरकत काही फुटांवरच्या पुढच्या विहिरीवर जाते. ज्या विहिरीला पूर्वी महिना लागायचा, तिचं काम पंधरवड्यावर आलं.

त्यामुळे नकाशावर पूर्वी सारखे हलणारे रिग्जचे ठिपके आता कित्येक महिने जागेवर दिसतात. सवयीने कुणी म्हणेल, इथलं काम थंडावलंय. प्रत्यक्षात तिथेच सगळ्यात जास्त विहिरी होत असतात. आणि रिग हलली तरी तेल लगेच येत नाही, प्रचंड दाबाने पाणी सोडून तो घट्ट खडक फोडणारी तुकडी यायची असते. पैशांची तंगी असली की खोदून ठेवलेल्या विहिरी महिनोन्‌महिने तशाच पडून राहतात, म्हणून आता या क्षेत्रावर नजर ठेवणारे रिग्जच्या जोडीला त्या तुकड्याही मोजतात.