सातव्या वॉर्डातल्या सहा अनुसूची

आजच्या व्याख्यानाच्या पत्रिकेवर 'ड्यू बॉइस : जीवन आणि कार्य' असं छापलंय. ड्यू बॉइस म्हणजे अमेरिकेतले कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ. माणूस ९५ वर्षं जगला. तेव्हा आधी अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातली त्यांची पाहणी, बाकीचं वेळ उरेल तसं.

साल १८९६. हार्वर्डची डॉक्टरेट आदल्याच वर्षी मिळालेली, वय २८. तिथल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने ९०० डॉलर पगारावर त्यांना नेमलं, ते शहरातल्या कृष्णवर्णीयांची पाहणी करायला. शहर त्यांच्यामुळेच बिघडतंय, ही तिथल्या सुधारकांची पक्की समजूत. ड्यू बॉइस यांनी नवपरिणीत पत्नी नीनासह कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, सातव्या वॉर्डातच बिऱ्हाड केलं, एका खानावळीच्या वरच्या खोलीत.

आणि मग दारोदार. इथे विद्यार्थी आहेत म्हणून सांगतो : प्रश्नावली उत्तर देणारा भरतो, अनुसूची संशोधक स्वतः समोर बसून भरतो. त्यांच्या सहा अनुसूची होत्या. कुटुंबाची, व्यक्तीची, घराची (खोल्या किती, भाडं किती, पोटभाडेकरू किती), गल्लीबोळांची, संस्थांची आणि सहावी मालकाच्या घरी राहणाऱ्या नोकरांची. ही सहावी नीट पाहा. गोऱ्या मालकाच्या घरात राहणारी मोलकरीण वस्तीतल्या कुठल्याच कुटुंबात सापडत नाही. कुटुंबंच मोजत बसलात, तर ती मोजणीतून निसटते.

एका घरी साधारण १५ ते २५ मिनिटं लागत. दार बंद असलं तर पुन्हा जायचं, तरी नाही भेटले तर तिसऱ्यांदा. पोटभाडेकरू हाती लागत नसत. त्यांची माहिती घरमालकिणीकडून नाहीतर शेजाऱ्यांकडून घ्यावी लागे, म्हणजे ती तेवढी कच्चीच. उत्तर उघड खोटं वाटलं तर रकाना कोरा ठेवायचा, नाहीतर अंदाजाने खऱ्याच्या जवळचं लिहायचं. आणि हे सगळं त्यांनी या पाहणीवरच्या 'द फिलाडेल्फिया निग्रो' या पुस्तकात कबूल केलंय! आपल्या आकड्यांतली भोकं वाचकाला दाखवणारा संशोधक मला फार मोलाचा वाटतो. अशी सुमारे अडीच हजार घरं, ९,६७५ माणसं.

तरीही आपली पाठ्यपुस्तकं नागर समाजशास्त्र, म्हणजे शहरी समाजाचा अभ्यास, शिकागो विद्यापीठातल्या अभ्यासकांपासून सुरू करतात. शिकागोवाल्यांचं गाजलेलं काम १९२० नंतरचं, ड्यू बॉइस यांचं पुस्तक १८९९चं. ही चूक दुरुस्त व्हायलाच हवी.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मुख्य मुद्दा भरभर सांगतो. २,४४१ कुटुंबांपैकी न्हाणीघर आणि संडासाची सोय होती ३३४ना. त्यातही बऱ्याच ठिकाणी सामायिक, आणि अनेक टबांना नळच जोडलेला नाही. असल्या घरांना भाडं मात्र चढं. कारण वेटर, घरगडी, मोलकरणींना कामाच्या जवळ राहणं भाग होतं आणि दुसरीकडे त्यांना कुणी घर देत नसे. भाडं भरायचं म्हणून पोटभाडेकरू, त्यातून दाटी. आणि तीच दाटी पाहून सुधारक म्हणणार, बघा, हे लोक असेच! ड्यू बॉइस यांनी हा उलटा धरलेला कार्यकारणभाव आकड्यांनी सुलटा केला.

पुढचं धावतं : १८९७ला अटलांटा विद्यापीठात अध्यापन, १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात कृष्णवर्णीयांच्या स्थितीचे रंगीत आलेख, १९१०पासून 'द क्रायसिस' या मासिकाचं संपादन, १९६३ला घानात अक्रा इथे मृत्यू. आणि १९४६. बाबासाहेबांनी त्यांना पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे गेलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागवल्या. ३१ जुलैला उत्तर निघालं. तुमचं नाव आणि काम मी ऐकून आहे, असं त्यात ड्यू बॉइस लिहितात.