रिव्हॉल्व्हर मागे का पडलं? सतरा गोळ्या हे अर्धंच उत्तर

नमस्कार मंडळी! आज विषय अमेरिकेचा. आधी स्क्रीनवरचे आकडे बघा. 1986 साली तिथल्या कारखान्यांनी साडेसात लाखांहून जास्त रिव्हॉल्व्हर बनवली, आणि पिस्तुलं साडेसहा लाखांच्या आसपास. पुढच्याच वर्षी पिस्तुलांनी जी आघाडी घेतली, ती आजतागायत सोडलेली नाही. 2021 मध्ये पिस्तुलं 67 लाखांच्या वर आणि रिव्हॉल्व्हर जेमतेम साडेअकरा लाख. हे आकडे एटीएफचे, म्हणजे बंदुकांवर नजर ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी खात्याचे.

कारण विचारलंत तर ठरलेलं उत्तर मिळतं: रिव्हॉल्व्हरमध्ये सहा गोळ्या, पिस्तुलात सतरा. विषय संपला! मला हे उत्तर अर्धवट वाटतं. का, ते सांगतो. 1994 ते 2004 या काळात अमेरिकेत दहापेक्षा जास्त गोळ्या मावणारी नवी मॅगझिन्स, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीत सरकवायच्या गोळ्यांच्या पेट्या, सामान्य नागरिकांना विकायला बंदी होती. गोळ्यांचा आकडा हेच खरं कारण असतं, तर त्या दहा वर्षांत रिव्हॉल्व्हरने उचल खायला हवी होती. तसं काही झालं नाही.

मग आतल्या यंत्राकडे बघू. रिव्हॉल्व्हरचा चाप तुम्ही ओढता तेव्हा सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरलेला गोल ढोल, फिरवणं आणि घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारी हातोडी, मागे नेऊन सोडणं, ही दोन्ही कामं तुमच्या एका बोटाच्या ताकदीवर होतात. त्यासाठी साधारण साडेचार-पाच किलोचा जोर लागतो. इतका जोर लावताना नळीचं टोक हलतंच, नवशिक्याचं तर हमखास. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात ही मेहनत गोळी स्वतःच करते. गोळी सुटल्याच्या धक्क्याने वरची स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस नळीत सारते. चापावर काम उरतं ते थोडंच. ग्लॉक या ऑस्ट्रियन कंपनीच्या पिस्तुलासारख्या पिस्तुलाचा चाप अडीच किलोच्या आसपास जोराने सुटतो. शिवाय स्लाइडच्या त्या हालचालीत हाताला बसणारा झटकाही थोडा विरतो. खिशात मावणारं हलकं, पाच गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर दिसायला गोंडस असतं, पण त्याने पन्नास गोळ्यांचा सराव केलात की मनगट तक्रार करायला लागतं.

दुसरी गोष्ट जाडीची. सिलिंडर गोल, त्यामुळे तो दोन्ही बाजूंनी फुगलेला. पिस्तूल चपटं, शर्टाखाली लपतं. 1987 मध्ये फ्लोरिडाने ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्याला लपवून शस्त्र बाळगण्याचा परवाना द्यायलाच हवा असा कायदा केला, आणि मग एकेक राज्य त्या वाटेने गेलं. अंगावर रोज बाळगायची वस्तू म्हटल्यावर चपटेपणाला किंमत आली.

पण सामान्य गिऱ्हाइकाच्या आधी बदलले ते पोलीस. इथे 11 एप्रिल 1986 ची मायामीची चकमक सांगायलाच हवी. दोन दरोडेखोर आणि एफबीआयचे आठ जण. त्यातल्या बहुतेकांकडे रिव्हॉल्व्हर, मोजक्यांकडे नऊ एमएमची, म्हणजे नऊ मिलिमीटर व्यासाच्या गोळीची, पिस्तुलं. समोरच्याकडे रायफल. दोन अधिकारी ठार झाले, पाच जखमी. हाताला गोळी लागलेल्या एका अधिकाऱ्याला आपलं रिव्हॉल्व्हर पुन्हा भरताच येईना. एकेक काडतूस रक्ताळलेल्या बोटांनी भोकात बसवायचं, विचार करा! ही गोष्ट तिथल्या पोलीस खात्यांमध्ये वणव्यासारखी पसरली.

यातली गंमत मात्र फारसं कुणी सांगत नाही. ती चकमक शेवटी एका हाताने निकामी झालेल्या अधिकाऱ्याने संपवली, आणि ती रिव्हॉल्व्हरनेच! चौकशीत ठपका बसला तो पिस्तुलातून सुटलेल्या नऊ एमएमच्या एका गोळीवर, जी दरोडेखोराच्या हृदयापर्यंत पोचली नाही. तरीही निष्कर्ष निघाला तो रिव्हॉल्व्हरला निरोप देण्याचा.

त्याच सुमारास गॅस्टन ग्लॉक हा ऑस्ट्रियन कारखानदार अमेरिकेत उतरला. त्याचं प्लॅस्टिकच्या सांगाड्याचं पिस्तूल 1982 मध्येच ऑस्ट्रियन सैन्याने स्वीकारलं होतं. कंपनीने पोलीस खात्यांना सांगितलं, जुनी हत्यारं आम्हाला द्या, नवी घेऊन जा. हिशेब सोपा झाला. 1993 मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिसांनाही नऊ एमएमची पिस्तुलं मिळू लागली. आणि पोलिसाच्या कमरेला जे दिसतं, तेच गिऱ्हाईक दुकानात मागतं. माझ्या मते सगळ्यात मोठं कारण हेच.

त्यात 1985 मध्ये अमेरिकन सैन्यानेही बेरेटाचं नऊ एमएम पिस्तूल निवडलेलं. सैन्य, पोलीस, नागरिक सगळे एकच काडतूस वापरायला लागले की ते ढिगाने बनतं आणि स्वस्त होतं. रिव्हॉल्व्हरचं पॉइंट थ्री एट काडतूस आज नऊ एमएमपेक्षा महाग पडतं. महिन्यातून दोनदा सरावाला जाणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो.

म्हणजे रिव्हॉल्व्हर भंगारात काढायचं का? अजिबात नाही. एखादं काडतूस फुसकं निघालं तर चाप पुन्हा ओढायचा, पुढचं काडतूस समोर हजर. पिस्तुलात त्यासाठी स्लाइड मागे ओढावी लागते. संधिवाताने बोटं आखडलेल्या आजोबांना ती स्लाइड ओढणंच कठीण जातं. पकड ढिली असेल तर पिस्तूल अडकतंही. अर्थात रिव्हॉल्व्हर कधीच अडकत नाही, ही दंतकथा आहे. ते क्वचित अडकतं, पण अडकलं की बहुतेक वेळा जागच्या जागी सुटत नाही. अलास्कात अस्वलांच्या टापूत हिंडणारे अजूनही पॉइंट फोर फोर मॅग्नम रिव्हॉल्व्हर कमरेला लावतात, कारण इतकं दणकट काडतूस पेलणारी पिस्तुलं मोजकीच आणि अवजड असतात.

आता तुम्ही विचाराल, आपल्याकडे काय? आपल्याकडे ही तुलना लागूच पडत नाही. शस्त्र कायदा 1959 चा. त्याखाली नऊ एमएम आणि पॉइंट थ्री एट, ही दोन्ही काडतुसं सर्वसामान्य परवानाधारकासाठी निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या नळीच्या मापांत, येतात. अमेरिकेतल्या या भांडणातले दोन्ही पैलवान आपल्या आखाड्याबाहेर! म्हणून इथल्या परवानाधारकाची गाडी पॉइंट थ्री टूवर येऊन थांबते. त्यात सरकारी कारखान्यांचं रिव्हॉल्व्हरही मिळतं आणि पिस्तूलही. पण त्याआधी परवाना हातात पडावा लागतो, आणि ती कथा एका वेगळ्या व्हिडिओची आहे.