शहरात काढलेले चार महिने

वाचनालयाच्या मंडळींनी पत्रिकेत माझा विषय छापलाय, 'नवोदय प्रवेश परीक्षा : तयारी कशी करावी?' तयारीकडे येतोच. आधी एका सहीचं सांगतो.

नवोदय म्हणजे केंद्र सरकारची सहावीपासूनची निवासी शाळा; पाचवीतली पोरं तिच्या प्रवेश परीक्षेला बसतात. या परीक्षेचा फॉर्म आता ऑनलाइन असतो. मुलाचा फोटो लागतो, पालकाची सही लागते आणि मुलाचीही सही लागते. पाचवीतल्या पोराला सही असते का हो? त्याला नाव लिहिता येतं, तेही दुरेघी वहीत. पोरगं शाळेत, बाप घाईत. केंद्रावरचा मुलगा म्हणतो, "काका, दोन्ही तुम्हीच करा." काका दोन्ही ठोकतात, एकाच वळणाच्या. म्हणून मी वर्गातच सह्या करून घ्यायचो. एका मुलीनं सहीखाली रेघ ओढून दोन टिंबं दिली. विचारलं, हे कुठून आणलंस? म्हणाली, "आमचे आबा देतात." आबा माजी सरपंच. टिंबं घरातच होती.

हसताय, पण परीक्षा फॉर्मपासूनच सुरू होते. आता माझी जुनी जखम. ज्यांनी ही गोष्ट आधी ऐकलीय त्यांनी चहा घेऊन यावं.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. बाप पुण्यात बांधकामावर, म्हणून तिसरीचे पहिले चार महिने तो तिकडच्या शाळेत होता. आजी आजारी पडली, घर गावाकडं परतलं. उरलेली तिसरी, चौथी, पाचवी आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. वस्तीवर पावसाळ्यात सायकल खांद्यावर घ्यावी लागते, इतकं त्याचं घर ग्रामीण. आणि डोकं असं, की कागदाची घडी घालून भोक पाडलं की उलगडल्यावर भोकं कुठं दिसतील, हे पोरगं घडी बघूनच सांगायचं.

नवोदयच्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांना असतात. पण नियम असा, की तिसरी ते पाचवीत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत काढला, तरी मूल शहरी. एक दिवस! याचे तर चार महिने. बापानं विचारलं, "गुरुजी, चार महिन्यांत माझं पोरगं शहरी झालं?" मी म्हटलं, फार तर वडापाव खायला शिकला असेल. त्याला हसू आलं नाही.

मग गावातले दोन शहाणे आले. म्हणाले, तेवढे चार महिने गाळा, कोण बघतंय? दाखल्यावर सही मुख्याध्यापकाची, म्हणजे माझी. मी गाळले नाहीत. पोरगा शहरी म्हणून बसला. जिल्ह्याच्या नवोदयमध्ये 80 जागा धरल्या, तर 60 ग्रामीणांना गेल्या; उरलेल्या 20 सगळ्यांना खुल्या. त्यात तालुक्याच्या क्लासमध्ये दोन वर्षं घासलेली पोरं. याचं नाव यादीत आलं नाही. सहावीच्या या परीक्षेला दुसरी संधी नाही, आयुष्यात एकदाच बसता येतं.

त्याच वर्षी तालुक्याच्या गावातलं एक कुटुंब. नगरपालिकेची हद्द संपते तिथून हाकेच्या अंतरावरच्या खेड्यातल्या शाळेत मुलाचं नाव तिसरीपासून घातलेलं. पोरगं रोज बोलेरोतून यायचं, बोलेरोतून जायचं. कागद चोख, म्हणून तो ग्रामीण. नियम वाईट नाही. तो नसता तर सगळ्या जागा शहरांनी नेल्या असत्या. पण पोटासाठी शहरात जाऊन आलेल्या मजुराचं पोर त्यात अडकतं आणि बोलेरो सुटते, हे मला आजही पचत नाही. ऊसतोडीला, बांधकामाला जाणाऱ्यांनी पोराची शाळा तिसरीत हलवायच्या आधी...

वाचनालयाच्या अण्णांनी चिठ्ठी पाठवलीय, "दहा मिनिटं". सहीतच अर्धा तास गेला का? बरं, पत्रिकेतला विषय भराभर घेतो.

पेपर 80 प्रश्नांचा, 100 गुणांचा, वेळ दोन तास. मानसिक क्षमतेचे 40 प्रश्न, गणिताचे 20, भाषेचे 20. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा उत्तरपत्रिकेत एकाही प्रश्नाचा गोळा कोरा ठेवू नका. पेपर मराठीत देता येतो. आकृत्यांना घाबरू नका. आरशातली प्रतिमा शिकवायला आरसाच लागतो, साठ रुपयांचं गाइड नाही. भाषेत उतारे असतात, त्यासाठी पोराला रोज मोठ्यानं वाचायला लावा. गोळे भरताना एक ओळ चुकली की पुढचं सगळं घसरतं, म्हणून दर पाच प्रश्नांनी क्रमांक ताडून पाहायची सवय हवी.

दुसरं, निवड झाली तर पोर सहावीपासून वसतिगृहात. नववीत काहींना वर्षभर हिंदी पट्ट्यातल्या नवोदयमध्ये पाठवतात. आयांनो, याचा विचार आत्ताच करा, निकालाच्या दिवशी नको. 1985-86 साली देशातल्या पहिल्या दोन नवोदयांपैकी एक आपल्या अमरावतीला निघालं, दुसरं हरियाणात झज्जरला. हे खरं तर मी सुरुवातीला सांगणार होतो.

आणि जिल्ह्यातून 80 घेतले की बाकीच्या हजारोंचं काय, यावर माझ्याकडं चार पानं आहेत. ती आज खिशातच राहतील, कारण अण्णा उठून उभे राहिलेत.

ज्यांची मुलं आली आहेत त्यांनी जाऊ नका. कोरे कागद आणलेत मी. एकेकानं पुढं यायचं आणि सही करून दाखवायची. टिंबं चालतील.