पार्वतीचे कागद

नमस्कार. 'अलीकडे पाहिलेले सिनेमे' या विषयावर बोला, असं वाचनालयाने मला डिसेंबरातच सांगून ठेवलं होतं. मधे मुंबई महापालिकेची निवडणूक येऊन गेली. मी पालिकेच्या शाळेत शिकवते, म्हणजे निवडणूक लागली की केंद्रावरची ड्यूटी आलीच. महिनाभर दारात उमेदवार आणि डोक्यात सिनेमे, असे दिवस गेले. आता दोन्ही गोष्टी मला वेगळ्या काढता येत नाहीत. तेव्हा एकत्रच बोलते.

सुरुवात थोडी मागून करते. २०२४च्या विधानसभेचं मतदान झालं २० नोव्हेंबरला आणि मोजणी २३ला. मधल्या शुक्रवारी, २२ तारखेला, पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' आपल्याकडे लागला. त्याच वर्षी मे महिन्यात कान महोत्सवात त्याला ग्रां प्री मिळालं होतं. तिथल्या मुख्य स्पर्धेत भारतीय सिनेमा तीस वर्षांनी गेला होता. मी तो रविवारी पाहिला. जाताना टॅक्सीच्या सीटवर आदल्या दिवशीच्या मिरवणुकीचा गुलाल सांडलेला होता, तो साडीला लागला. तशीच आत जाऊन बसले. पडद्यावर दादरचा बाजार, पावसाळी रात्र, लोकल, आणि हॉस्पिटलची ड्यूटी संपवून घरी निघालेल्या बायका.

त्यातल्या दोघी मल्याळी नर्स आहेत. तिसरी त्याच हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करते, पार्वती. छाया कदम यांनी ती इतक्या साध्या अंगाने केली आहे, की ती आपल्या जिन्यात रोज भेटणारी बाई वाटते. तिचं घर बिल्डरला हवं आहे. ती वर्षानुवर्षं तिथे राहते, पण राहते हे सिद्ध करणारा कागद तिच्याकडे नाही. नवरा गेला आणि कागदांची गोष्ट त्याच्याबरोबरच गेली. टॉवरच्या भल्यामोठ्या जाहिरातफलकावर रात्री ती आणि त्या नर्सपैकी एक, प्रभा, दगड मारतात, त्या क्षणी माझ्या शेजारच्या अनोळखी बाईंच्या तोंडून 'मार!' असा शब्द निघून गेला. पुढे पार्वती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी कायमची निघून जाते. सिनेमाचा उत्तरार्ध तिकडे, समुद्राकाठी घडतो. तो सुंदर आहे, सगळे त्याच्याबद्दलच बोलतात. माझं मन मात्र पार्वतीच्या खोलीतच राहिलं. मुंबईतून माणूस कमी होतो म्हणजे नेमकं काय होतं, ते मला तिच्या सामान आवरण्यात दिसलं.

कारण आमच्या मजल्यावर एक पार्वती आहे. मी त्यांना मावशी म्हणते. वय सत्तरीपुढचं. आमची चाळ उपकरप्राप्त आहे. इथल्या बऱ्याच जणांना हा शब्द घरचाच आहे, तरी सांगते. शहर भागातल्या १९६९च्या आधीच्या भाड्याच्या इमारतींवर मालमत्ता कराबरोबर दुरुस्तीचा उपकर लागतो आणि त्यांची दुरुस्ती म्हाडाचं मंडळ बघतं. मावशींचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. भाडेपावती अजून त्यांच्याच नावावर आहे. मालक नाव बदलून देत नाही. उद्या पुनर्विकास निघाला तर भाडेकरूंच्या यादीत मावशी कुठे असतील, हा प्रश्न त्यांना रात्री झोपू देत नाही. कागद आहेत, पण अर्धे. ते मावशी निळ्या प्लास्टिकच्या फायलीत ठेवतात आणि फाइल देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात.

जानेवारीत एक उमेदवार आमच्या मजल्यावर आले. संध्याकाळची वेळ, खाली ताशा. पुढे एक मुलगा मोबाइलचा दिवा लावून गॅलरीत उलटा चालत होता, त्याच्यामागून ते हात जोडून येत होते. नजर सगळा वेळ त्या मोबाइलवर. दारादारात बायका औक्षणाचं तबक घेऊन उभ्या. मावशींच्या हातात तबक नव्हतं, फाइल होती. उमेदवारांनी वाकून नमस्कार केला, "मावशी, आशीर्वाद असू द्या." मावशी म्हणाल्या, "आशीर्वाद आहेच बाळा. पण हे जरा बघतोस का? मालक पावतीवर माझं नाव चढवत नाही." फाइलची दोरी सोडायला त्यांना वेळ लागतो, बोटं आखडलेली आहेत. पहिला कागद बाहेर येईपर्यंत हे पुढच्या दारात पोचले होते. मागचा कार्यकर्ता म्हणाला, "होऊन जाईल मावशी, ऑफिसात या." मी विचारलं, "आपली चाळ उपकरप्राप्त आहे, साहेबांना माहीत आहे ना?" तो म्हणाला, "ताई, सगळ्यांचं काम होणार." बारा खोल्यांचा मजला चार मिनिटांत उरकला. दुसरे आले तेही असेच आले. तिसऱ्यांचं नाव फक्त खालून टेम्पोच्या भोंग्यातून ऐकलं.

मला या माणसांविषयी राग नाही, पण फार वाईट वाटलं. भाडेपावतीचं काम नगरसेवकाच्या हातातलं नाही, हे मलाही कळतं. दुरुस्तीही म्हाडाकडे. त्यांनी दोन मिनिटं थांबून, "मावशी, हे माझ्या हातात नाही, पण मी तुमच्याबरोबर येतो," एवढं म्हटलं असतं तरी त्या मजल्यावरची सगळी मतं त्यांना मिळाली असती. खोटं आश्वासन देण्याइतकाही वेळ त्यांनी त्या फायलीला दिला नाही. पायल कपाडियांनी मात्र पार्वतीचा न सापडणारा कागद धरून एक अख्खं आयुष्य उभं केलं. सिनेमा करणाऱ्या माणसाने जे बसून पाहिलं, ते आमचं प्रतिनिधित्व मागायला आलेल्या माणसाने पाहिलंच नाही. माझी तक्रार एवढीच आहे आणि ती मी गंभीरपणे करते आहे.

बरं, हे दिवस साधे नव्हते. २०१७मध्ये निवडलेल्या २२७ नगरसेवकांची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि तिथून पुढे पालिकेत प्रशासक होता. पुढचं मतदान थेट १५ जानेवारी २०२६ला. जवळपास चार वर्षं, गटार तुंबलं तर कुणाचं दार वाजवायचं हे या शहराला ठाऊक नव्हतं. एवढ्या काळाने उमेदवार दारात येतो, तेव्हा लोकांकडे सांगायला ढीगभर असतं.

उमेदवारांची शपथपत्रं मी वाचते. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२च्या निकालामुळे तो हक्क आपल्याला मिळाला. गुन्हे, मालमत्ता, शिक्षण, सोनं किती ग्रॅम, गाडी कुठली, सगळं त्यात असतं आणि असायलाच हवं. आमच्या वॉर्डातली तीन शपथपत्रं वाचून मला त्यांची घरं, कर्जं, दागिने कळले. वॉर्डाबद्दल त्यांना काय वाटतं ते कुठेच सापडलं नाही. मग प्रचाराची पत्रकं वाचली. त्यांत विकास होता, निष्ठा होती, नेत्यांचे फोटो होते. आमच्या गल्लीचं नाव एकाही पत्रकात नव्हतं.

याच सुमारास मी एक मोठ्या खर्चाचा ऐतिहासिक सिनेमा पाहिला. नाव घेत नाही, कारण तसे बरेच आहेत. नायक प्रत्येक प्रसंगात संथ गतीने येतो, मागे ढोल, वर झेंडा. तीन तासांत तो एकदाही कुणाचं ऐकून घेताना दिसला नाही. मला मध्यंतरातच उठावंसं वाटत होतं. घरी येऊन मोबाइल उघडला तर आमच्या उमेदवारांचं रील, तीच संथ चाल, तेच ढोल. दोन्हीकडे माणसाला फक्त दिसायचं होतं.

त्याच्या उलट 'दशावतार'. गेल्या सप्टेंबरात आला, तुम्ही बहुतेकांनी पाहिला असेल. उत्तरार्धात तो सूडाच्या वाटेला लागला, तिथे माझं मन उडालं. पण दिलीप प्रभावळकरांचा बाबुली! नजर अधू होत चाललेली, मुलगा म्हणतो आता थांबा, आणि तरी तोंडाला रंग लागला की म्हातारा वेगळाच होतो. ऐंशी ओलांडलेला नट हे करतो. आपल्या कामावर इतकी माया असलेला एक माणूस मतपत्रिकेवर दिसावा, असं मला फार वाटतं.

'न्यूटन' मी पूर्वी पाहिला होता, २०१७मध्ये. यंदा ड्यूटीच्या आदल्या रात्री पुन्हा लावला. दंडकारण्यात ७६ मतदारांसाठी केंद्र उघडणारा नियमाचा पक्का अधिकारी, आणि उमेदवार कोण आहेत हेच माहीत नसलेले मतदार. पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं होतं, हे दूरच्या जंगलातलं आहे. १५ तारखेला उपनगरातल्या एका शाळेत माझ्याकडे शाईचं काम होतं. कॉलेजातली एक मुलगी आली, पहिलंच मतदान. तिच्या डाव्या तर्जनीला शाई लावत होते, तेवढ्यात तिने हळूच विचारलं, "मॅडम, यांच्यातलं कोण काय करतं?" मी काही बोलू शकत नव्हते, नियमच तसा आहे. "आत जाऊन शांतपणे वाचा," एवढंच म्हणाले. ती मशीनसमोर बराच वेळ उभी राहिली. एजंट माना वर करून बघायला लागले. मग बीप वाजला. शेवटचं बटण नोटाचं असतं, २०१३मध्ये न्यायालयाने दिलेलं. तिने कुठलं दाबलं ते तिला ठाऊक. मला त्या वेळी तिच्यासमोर ओशाळल्यासारखं झालं.

कुणी म्हणेल, राजकारण पूर्वीपासून असंच आहे, आपलाच 'सिंहासन' बघा. १९७९चा जब्बार पटेलांचा सिनेमा, मी परवा परत पाहिला. त्यात डाव आहेत, फोडाफोडी आहे. पण अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री असो की डॉ. लागूंचा विश्वासराव, त्यांना काय हवंय ते आपल्याला कळतं. ते हुशार आहेत, राज्य कसं चालतं ते त्यांना माहीत आहे. निळूभाऊंचा पत्रकार दिगू सगळं बघतो आणि आतून मोडत जातो. मोडायला समोर काहीतरी भक्कम लागतं. आमच्या जिन्यात आलेल्या उमेदवारांशी भांडावं असंही मला काही सापडलं नाही.

आणि पूर्वीपासून असंच आहे, हे खरंही नाही. याच शहराने १९६१मध्ये मृणाल गोरे यांना महापालिकेत पाठवलं. गोरेगावच्या वस्त्यांना पाणी मिळावं म्हणून त्या इतक्या लढल्या, की लोकांनीच त्यांना 'पाणीवाली बाई' म्हटलं. पुढे महागाईविरुद्ध अहिल्या रांगणेकरांच्या बरोबरीने बायकांचे लाटणं मोर्चे काढले. १९७७मध्ये उत्तर मुंबईने त्यांना लोकसभेत पाठवलं, त्याच निवडणुकीत अहिल्याताईही मुंबईतूनच निवडून गेल्या. माझी आई त्या मोर्चात लाटणं घेऊन गेली होती. ती सांगायची, मृणालताईंना आमच्या रेशनच्या दुकानातला रॉकेलचा भाव आमच्याआधी माहीत असायचा.

निकालाला आता काही आठवडे झाले. निवडून आलेल्यांचे आभाराचे बॅनर आमच्या नाक्यावर अजून आहेत. गेल्या रविवारी मावशी फाइल घेऊन माझ्याकडे आल्या, आम्ही ती जमिनीवर मांडली. भाडेपावत्या १९९४पर्यंतच्या सलग आहेत. पुढची काही वर्षं गायब, मग २००३च्या तीन. यजमानांचा मृत्यूचा दाखला आहे, रेशनकार्ड आहे, विजेची बिलं रबर लावून ठेवलेली आहेत. मधल्या पावत्या गावच्या ट्रंकेत असतील, असं त्यांना वाटतं. होळीला गावी जातील तेव्हा शोधून आणणार आहेत. तोवर जे आहेत त्यांच्या झेरॉक्स काढून ठेवल्या, आणि येत्या मंगळवारी मी अर्धी रजा टाकली आहे, आम्ही दोघी म्हाडाच्या ऑफिसात जाणार आहोत.