पत्र्याच्या डब्याची गिटार

श्रोतेहो, नमस्कार.

पत्र्याचा डबा, एक काठी आणि सायकलच्या ब्रेकची तार. पुढे 'तिनारिवेन' या गाणाऱ्यांच्या मेळ्यात गाजलेल्या इब्राहिम अग अलहबीब या पोरानं आपली पहिली गिटार एवढ्या सामानात बनवली. सिनेमात एका काउबॉयच्या हातात पाहिली होती, म्हणून.

हा मुलगा तुआरेग, सहारातल्या भटक्या पशुपालकांपैकी. गाव पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाच्या उत्तरेचं, तेसालितच्या बाजूचं. १९६३ साली तुआरेगांनी मालीच्या नव्या सरकारविरुद्ध बंड केलं. लष्करानं ते चिरडलं, त्यात त्याच्या वडिलांना ठार मारलं. पोर तेव्हा चारेक वर्षांचं. घरच्यांनी अल्जेरियाची वाट धरली. पुढे सत्तरच्या दशकात दुष्काळानं जनावरंही नेली, आणि तरुण पोरं मजुरीसाठी अल्जेरियातलं तामनरासेत शहर, लिबिया अशी पांगली. बेकाराला फ्रेंचमध्ये 'शोमर' म्हणतात. त्यावरून या पोरांना नाव पडलं 'इशुमार'. त्यांनीही ते अंगाला लावून घेतलं.

१९८० साली लिबियाचा हुकूमशहा गद्दाफीनं तुआरेग तरुणांना लष्करी शिक्षणासाठी बोलावलं. स्वतःचा मुलूख मिळेल, या आशेवर पोरं गेली. इब्राहिम आणि त्याचे सोबतीही त्यांत होते. त्यांच्या मेळ्याला पुढे 'तिनारिवेन' हे नाव रूढ झालं. तामाशेक या तुआरेगांच्या भाषेत त्याचा अर्थ वाळवंटं. त्यांची रीत मला फार आवडते: कोरी कॅसेट आणून द्या, गाणी फुकट भरून देतो! एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी. खरखर वाढत जायची आणि गाणं सीमा ओलांडायचं. ज्यांच्याकडे वर्तमानपत्र नाही, त्यांचं वर्तमानपत्र हेच.

जग या संगीताला 'डेझर्ट ब्लूज' म्हणतं. हे लेबल बाहेरच्यांचं. तिथले लोक नुसतं 'गितारा' म्हणतात. मूळ घरचंच आहे. तुआरेग बायका इमझाद वाजवतात: भोपळ्यावर कातडं ताणलेलं, घोड्याच्या केसांची एकच तार, आणि धनुकलीनं घासायचं. ते वाद्य पुरुष वाजवत नाहीत. आणि गाण्यात भरून राहिलेलं असतं 'असूफ': एकटेपणा, ओढ, उघड्या माळावरच्या रात्रीची पोकळी, सगळं एका शब्दात. आपल्याकडची 'हुरहुर' त्याच्या जवळ जाते, पण तिला एवढी वाळू लागलेली नाही.

१९९० साली पुन्हा बंड झालं, हे गाणारे त्यातही लढले. पाठीवर गिटार नि हातात बंदूक, हे चित्र मग युरोपात फार विकलं गेलं. मला त्याचा जरा कंटाळाच आहे. लढाई काही वर्षांची, गाणं चाळीस वर्षांचं.

त्यांची पहिली सीडी २००१ची, किदाल गावातल्या तिस्दास नावाच्या रेडिओ केंद्रात, सौरऊर्जेवर ध्वनिमुद्रित झालेली. आम्हा रेडिओवाल्यांना याचं भारी कौतुक! २०१२ साली ग्रॅमीही मिळालं. पण त्याच वर्षी उत्तर माली कट्टरपंथीयांच्या ताब्यात गेला आणि गाण्यावर बंदी आली. पुढचा अल्बम त्यांनी कॅलिफोर्नियातल्या वाळवंटात ध्वनिमुद्रित केला.

आता त्यांचं एक गाणं लावतो. सुरुवातीला एकटी गिटार आहे, टाळ्या नंतर येतात. आवाज जरा मोठा ठेवा.