पाच टनांचा हिशेब

(दृश्य: कुर्डुवाडी जंक्शन. मुख्य मार्गावरून धडधडत जाणारी मालगाडी.)

ही मालगाडी ज्यावर धावते, तो रूळ मीटरला 60 किलो भरतो. 1897 साली याच कुर्डुवाडीहून बार्शीला पहिली गाडी गेली, तेव्हा रूळ होता वाराला (यार्डाला) 30 पौंडांचा. मीटरला जेमतेम 15 किलो.

बार्शी लाइट रेल्वे. दोन रुळांत अंतर अडीच फूट.

जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मद्रासकडे जाणारा मार्ग बार्शीला 21 मैल बाजूला ठेवून गेला होता. बार्शी कापसाची मोठी पेठ. पण माल बैलगाडीनं इथवर आणावा लागे. या स्टेशनाचं तेव्हाचं नावच बार्शी रोड.

(दृश्य: एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांचं छायाचित्र.)

जीआयपीत नोकरी केलेल्या कॅलथ्रॉपनं बार्शी लाइटची कंपनी काढली. पुढे विमानातून उडी मारायच्या पॅराशूटवर काम केलं, तेही यांनीच.

आता त्यांचा हिशेब. रूळ सोसतो तो एकेका आसाखालचा, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्याखालचा भार. गाडी किती लांब, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. इतर हलक्या रेल्वेत डबे हलके असत, पण इंजिन जड. मग रूळ, स्लीपर, पूल, सगळं त्या एका इंजिनासाठी भक्कम करायचं आणि खर्च वाढवून बसायचं. कॅलथ्रॉपनी आधी आसाचा भार ठरवला: पाच टन. इंजिन असो, माणसांचा डबा असो की कापसाची वाघीण, कुठलाही आस त्याच्या पुढे जाणार नाही.

(दृश्य: इंजिनाचा आराखडा. चाकांवर कॅमेरा सरकतो.)

इंग्लंडातल्या लीड्सच्या किटसन कारखान्याचं इंजिन. आठ चाकं दांड्यांनी एकमेकांना जोडलेली, मागे चार चाकांची बोगी (डबा नव्हे, खालचा चाकांचा वळता गाडा). जोडलेले आस चार, म्हणजे रुळावर पकड घ्यायला 20 टन. जास्त ताकद हवी, तर आस वाढवायचे.

मालवाघिणी एकाच मापाच्या सांगाड्यावर: 25 फूट लांब, 7 फूट रुंद, दाबून घडवलेल्या पोलादाचा. दोन बोग्या, चार आस. भरली की 20 टन. साधी चारचाकी वाघीण याच नियमात 10 टनांवर थांबली असती. हे सगळं भारतात यायच्या आधी लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून तपासून घेतलं होतं.

(दृश्य: कुर्डुवाडी कारखाना. बोगी उचलून स्प्रिंग बदलतात.)

नियम कागदावर सोपा, कारखान्यात कटकटीचा. एक स्प्रिंग दबून खचली, की तिच्या वाट्याचा भार शेजारच्या चाकावर जातो. माल एका टोकाला रचला तरी तेच. एकूण 20 टनच भरतात, पण एक बोगी 12 टन उचलते आणि तिच्या प्रत्येक आसावर सहा टन येतात. 15 किलोच्या रुळाला तो एक टन जाणवतो. म्हणून वाघीण भरणाऱ्याचा हात आणि स्प्रिंग बसवणाऱ्याचा हात, दोन्ही सारखेच महत्त्वाचे.

(दृश्य: पंढरपूर स्टेशन, आषाढीची गर्दी.)

1906 मध्ये पंढरपूर, 1911 मध्ये लातूर, 1927 मध्ये मिरज. सगळा मिळून मार्ग 202 मैलांचा. या जिल्ह्यांना भारी रेल्वेची वाट पाहत बसावं लागलं नाही. 'छोटी गाडी' म्हणून तिला खेळण्यात काढणाऱ्यांनी हा नकाशा नीट पाहावा.

अडचण कुर्डुवाडीलाच होती. पुढे मोठ्या गाडीनं जायचं, तर माणसं उतरायची आणि पोती एका वाघिणीतून दुसरीत. 1954 मध्ये मार्ग सरकारकडे आला. 2008 पर्यंत लातूर ते कुर्डुवाडी ब्रॉडगेज झालं, धाराशिव शहरही मार्गावर आलं.

(दृश्य: एप्रिल 2016. मिरजेहून लातूरला निघालेली पाण्याची गाडी.)

एका टाकीत साधारण 50 हजार लिटर. म्हणजे 50 टन नुसतं पाणी, खाली चार आस. टाकीचं वजन न धरताही आसाला साडेबारा टन.